नानांचे तीस, ललिताचे सव्वीस

हिंमतरावांना पळायची लाज कधी वाटली नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ते कालव्याच्या कडेने चालू लागले आणि दोन महिन्यांत चालण्याचा कंटाळा येऊन पळू लागले. गावच्या माणसाने अर्धी चड्डी घालून पळणं तेव्हा धायरीत नवीन होतं. लोक टकामका बघायचे. हिंमतरावांनी ते अंगाला लावून घेतलं नाही. सात वर्षांनी, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी, ते एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत पळत होते, आणि कालव्यावर पळणाऱ्या बावीस जणांच्या गटात सगळे त्यांना नाना म्हणत होते.

लाज वाटली ती जमिनीवर उताणं पडून कंबर उचलायची.

हे श्रद्धाने आणलं. श्रद्धा नऱ्ह्याची फिजिओथेरपिस्ट, वय सत्तावीस, विद्यापीठाकडून पाच हजार मीटर पळलेली. ऑगस्टमध्ये गटाने तिला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांचे आठवड्याचे किलोमीटर विचारले आणि प्रत्येकाचे कमी केले. "नुसतं पळून पळणं एका हद्दीपर्यंतच सुधारतं," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं काम पोटऱ्या, मांड्या आणि कंबर करतात. त्यांना कुणी काही शिकवलेलं नाहीये अजून." मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस तिने पळण्यातून काढून व्यायामाला दिले.

व्यायामाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली नुसत्या अंगाच्या वजनावर, दुसरी वाळूची पिशवी घेऊन, तिसरी उड्यांची. तिसऱ्या पायरीवर जायला एकच परीक्षा होती. कट्ट्याच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवायचा, तोलासाठी भिंतीला एक बोट लावायचं आणि टाच पूर्ण वर, पूर्ण खाली करायची. प्रत्येक पायाने पंचवीस वेळा. पोटरीत तेवढं बळ नसेल तर उडीचा धक्का सरळ नडगीच्या हाडात जातो, हे तिने सगळ्यांना हाडाचं चित्र काढून समजावलं होतं.

"आणि चोवीस झाले तर?" ऋषीने विचारलं. ऋषी आयटीतला, गटाचं सगळं व्यवस्थापन त्याच्याकडे.

"तर मी अभिनंदन करेन," श्रद्धा म्हणाली, "आणि आपण पुढच्या रविवारी भेटू."

बावीस जणांच्या अकरा जोड्या केल्या. एकाने करायचं, दुसऱ्याने मोजायचं. "चव्वेचाळीस पायांना माझे दोन डोळे पुरणार नाहीत," हे तिचं कारण. रविवारी लांबचं पळून आल्यावर जोडीने आकडे सांगायचे, ती कागदावर लिहून घ्यायची. जोडी वरच्या पायरीवर जाणार ती दोघं बरोबरच. एखादी जोडी तीन आठवडे एकाच आकड्यावर अडकली, तर शुक्रवारी दोघांनी तिच्यासमोर, देवळापुढच्या मैदानातल्या ओट्यावर करून दाखवायचं.

हिंमतरावांच्या जोडीला ललिता आली, कारण दोघांचा वेग सारखा होता. ललिता त्रेचाळीस वर्षांची, मूळची वर्ध्याची, बारा वर्षं पुण्यात, शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. दोन वर्षांपासून ती पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करत होती. बेचाळीस किलोमीटर, डिसेंबरचा पहिला रविवार. तिने आईवडिलांची वर्ध्याहून यायची तिकिटंही काढून ठेवली होती. लेक पळते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी सकाळी सहाला मैदानात चटया पडल्या. हिंमतराव उताणे झोपले, गुडघे दुमडले, श्रद्धाच्या शिट्टीवर कंबर वर उचलली, धरली, खाली आणली. बाराव्या वेळी कंबर वर असताना चहाच्या टपरीवरून आवाज आला.

"काय हिंमतराव, कितवा म्हैना लागला?"

गेनबा. चुलतभाऊ, बरोबरीचा, भावकीत सगळ्यात मोकळ्या तोंडाचा. टपरीवर सात-आठ जण होते, सगळे गावचे, सगळे ओळखीचे. हसू उसळलं. हिंमतरावही हसले. पण पुढचा व्यायाम गुडघ्यांभोवती रबरी पट्टा अडकवून खेकड्यासारखं आडवं चालण्याचा होता, आणि मैदानाच्या ज्या टोकाला चालत जायचं त्या टोकाला टपरी होती.

"आता कुठं निघाली सवारी?" गेनबा म्हणाला. "वैनीला सांगून आलाय का न्हाई?"

ज्या मैदानात हिंमतरावांच्या वडिलांनी कुस्त्यांचा फड लावला होता, त्या मैदानात ते बायकांच्या रांगेत खेकडा होऊन चालले होते. त्यांनी तो व्यायाम पुरा केला. नंतर मात्र ते मंगळवारी किंवा शुक्रवारी मैदानात गेले नाहीत.

श्रद्धाला त्यांनी ललिताच्या कारखान्यातल्या पाळ्यांचं कारण सांगितलं. ते खोटंही नव्हतं. ललिताची सुट्टी गुरुवारी, बाकी दिवस सकाळी सहालाच कारखान्याची बस, रविवारी तेवढी उशिरा. श्रद्धा म्हणाली, घरी करा, पण मोजणारं दुसरं माणूस हवं. व्हिडिओ कॉलवर एकमेकांचं मोजायचं ठरलं. पहिल्या खेपेला हिंमतरावांनी ललिताचं मोजलं, आपलं पुढच्या खेपेवर टाकलं. दुसऱ्या खेपेला हिंमतरावांना गाळ्यातल्या भाडेकरूचं काम निघालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी फोन उचलला नाही आणि नंतर म्हणाले, "तू आपली कर गं, मीही करतोय. आकडे फक्त शनिवारी कळव. मी सांगतो मॅडमना."

ललिता करत होती. इमारतीच्या जिन्यात, पहाटे, एका पायावर. हिंमतराव करत नव्हते. त्या वेळात ते पळत होते. पळणाऱ्या माणसाने पळावं, असं त्यांचं आतलं मत होतंच. गेनबाने त्याला निमित्त दिलं.

शनिवारी संध्याकाळी ललिताचा फोन यायचा. "नाना, उजवा चौदा, डावा तेरा. पंधरावा काही होऊन नाही राहिला." रविवारी ती पळून झालं की सव्वाआठच्या बसला धावायची. मागे हिंमतराव दोघांचे आकडे सांगायचे. पहिल्या दोन रविवारी ललिताचे खरे सांगितले, स्वतःचे अंदाजाने.

तिसऱ्या रविवारी अडचण आली. ललिता पुन्हा चौदा. तीन आठवडे एकच आकडा म्हणजे शुक्रवारी दोघांना ओट्यावर उभं राहावं लागणार. श्रद्धा समोर, बावीस जण भोवती, टपरी पलीकडे. आपले किती होतील हे हिंमतरावांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"ललिता सतरा," ते म्हणाले. श्रद्धाने लिहिलं.

मग वीस. मग बावीस. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी परीक्षेच्या आकड्याला पोहोचायचं होतं, तेव्हा पंचवीस सांगितले असते तर फार नेमकं वाटलं असतं, म्हणून त्यांनी सव्वीस सांगितले. स्वतःचे तीस. श्रद्धाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "नाना, या वयात तीस म्हणजे मी तुमचं नाव सगळीकडे सांगणार आहे."

तिने सांगितलंही. त्याच महिन्यात हिंमतरावांनी एकवीस किलोमीटरमधली चार मिनिटं कमी केली. ती चोरून पळलेल्या जादा किलोमीटरची होती, पण गटात ती व्यायामाच्या नावावर जमा झाली.

मंगळवारी जोडीला उड्यांचा तक्ता आला. ललिताने लगेच फोन केला. "नाना, उड्या आल्या की. माझे तर चौदाच होऊन राहिले."

"मॅडमना माहितेय," हिंमतराव म्हणाले. "त्या बघूनच देतात."

हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं की फोन ठेवल्यावर त्यांनी चहा मागवला.

तिसऱ्या आठवड्यात ललिता म्हणाली, नडगीत आतल्या बाजूला दुखतंय. बोटाने दाबलं तर एकाच ठिकाणी. हिंमतराव म्हणाले, नवीन व्यायाम आहे, दुखणारच थोडं. पाचव्या आठवड्यातल्या रविवारी, खडकवासल्याहून परत येताना, अकराव्या किलोमीटरला ती कालव्याच्या कठड्याला धरून उभी राहिली ती पुन्हा पाऊल टाकू शकली नाही. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला तडा दिसला. दोन महिने पळणं बंद. मॅरेथॉन पाच आठवड्यांवर होती.

हिंमतराव शहाळी घेऊन तिच्या घरी गेले. ती पाय उशीवर ठेवून बसली होती, गुडघ्यापर्यंत जाड बूट. रडलेली दिसत नव्हती. मॅरेथॉनसाठी काढलेली रजा रद्द केल्याचं तिने सांगितलं. तिकिटांचं काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक विचारू नाना? मॅडमना चौदाच माहीत होते ना?"

हिंमतरावांनी मान हलवली. होकाराची.

"मग कशा काय दिल्या त्यांनी उड्या?"

हिंमतरावांनी शहाळ्यांची पिशवी उचलून टेबलावर ठेवली. ललिताला वाटलं, मॅडमविषयी वाईट बोलायला नको म्हणून नाना गप्प आहेत. जाताना तिने त्यांना दारापर्यंत सोडायचा प्रयत्न केला, कुबडी घेऊन. ते नको नको म्हणत जिना उतरले.

चार दिवसांत गोष्ट गटभर झाली. मॅडमनी चौदाला उड्या दिल्या. स्वतःचाच पंचवीसचा नियम मोडला. ऋषीने रविवारी आठ वाजता मैदानात बैठक ठेवली आणि हिंमतरावांना आधी फोन केला. "नाना, तुम्ही सीनियर आहात, तुम्ही दोन शब्द बोला. पर्सनल नको काही. फक्त थँक यू म्हणून रिलेशन क्लोज करू."

"बघू," हिंमतराव म्हणाले.

"बघू काय नाना, लोकांचं डिसिजन डन आहे."

शनिवारभर हिंमतराव श्रद्धाला एकांतात गाठून सांगायचं ठरवत होते. नऱ्ह्याला तिच्या दवाखान्यापर्यंत गेलेही. काचेतून ती एका म्हाताऱ्या बाईचा गुडघा वाकवताना दिसली. बाई काहीतरी सांगत होती, श्रद्धा मान डोलवत ऐकत होती, मध्येच वहीत लिहीत होती. जे सांगितलं जाईल ते ती लिहून घेते, हे त्यांच्या मनात आलं, आणि ते दार न ढकलता परत फिरले.

रविवारी सगळे आले. ललिता रिक्षाने आली, ओट्याच्या कडेला खुर्ची दिली तिथे बसली. श्रद्धा नेहमीसारखी कागद अडकवलेली पाटी घेऊन उभी होती.

"मॅडम, कुणाचा राग नाही तुमच्यावर," ऋषीने सुरुवात केली. "पण ललिताताईंनी क्लिअर सांगितलंय की त्यांचे चौदा व्हायचे. तरी तुम्ही जंप्स दिले. हा मेसेज मी टाइप केलाय. वडगावच्या आणि आंबेगावच्या ग्रुपलाही पाठवणार, कारण तिकडेही तुमचाच प्लॅन चालू आहे. त्यांना माहीत हवं."

तीन गट म्हणजे दवाखान्याबाहेरचं तिचं सगळं काम. पळणाऱ्यांत तिचं नाव होतं ते या व्यायामांमुळेच. श्रद्धाने पाटीवरचे कागद उलटले. तिचा आवाज नेहमीइतकाच होता.

"सप्टेंबरचा शेवटचा रविवार. ललिता, उजवा सव्वीस, डावा पंचवीस."

"सव्वीस?" ललिता म्हणाली. "मी जन्मात सव्वीस केले नाहीत."

"कागद तुमच्याकडेच असतो ना?" ऋषीने विचारलं.

या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळला. श्रद्धालाही. "असतो," ती म्हणाली. "पण आकडे मी बनवत नाही. जोडी सांगते, मी लिहिते." हे म्हणताना तिने हिंमतरावांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तिच्या डोक्यात त्यांचा संशयही आलेला नव्हता. ती अजून आपलीच काही नोंद चुकली का, हे कागदावर शोधत होती.

"नाना," ऋषी म्हणाला, "ललिताताईंचे आकडे तुम्हीच सांगायचात. किती सांगितले होते?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला दीड महिन्यापूर्वीचा आकडा आठवत नाही, यात कुणालाही काही वावगं वाटलं नसतं. बैठक पाच मिनिटांत संपली असती.

"सव्वीस," हिंमतराव म्हणाले.

मग ऋषी हसला, चांगल्या अर्थाने. "नाना, राहू द्या. तुम्ही त्यांना सांभाळून घेताय, ते कळतंय आम्हाला."

"मोठं मन लागतं," मागून चैताली म्हणाली. ती शाळेत शिक्षिका, गटात सगळ्यांचं कौतुक करण्याचं काम तिच्याकडे असायचं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

हिंमतरावांचे कान तापले. एवढी वर्षं गावात त्यांचा शब्द चालत आला होता, आणि आज खरं बोलले तर तो चालेना. "सांभाळून घेत नाहीये," ते म्हणाले. "ती मला दर शनिवारी चौदा सांगायची. मी इथे सतरा सांगितले, वीस सांगितले, मग सव्वीस. ओट्यावर उभं राहून करायला लागू नये म्हणून. मॅडमनी जे ऐकलं ते लिहिलं."

"पण तुमचे स्वतःचे तर तीस होते," ऋषी म्हणाला. "तुम्हाला ओट्याची काय भीती?"

"माझे मी कधी मोजलेच नाहीत. पहिल्या मंगळवारनंतर मी एकही व्यायाम केलेला नाही."

"नाना, उगाच काहीतरी."

चैतालीच्या चेहऱ्यावर अजून ते कौतुक होतंच. कुणाचाच विश्वास बसत नव्हता, आणि ऋषीच्या हातात तो संदेश तसाच उघडा होता. हिंमतराव खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. मोजे काढले. ओट्याच्या पायरीच्या कडेवर उजवा चवडा ठेवला, खांबाला एक बोट लावलं, डावा पाय मागे उचलून धरला.

"नाना, याची गरज नाही," श्रद्धा म्हणाली. तिला आता कळलं होतं.

"आहे," ललिता म्हणाली. "मी मोजते. जोडी आहे आमची."

तिने मोजायला सुरुवात केली. कारखान्यात ती सुटे भाग तपासायची त्याच आवाजात. ना घाई, ना दया. पाचपर्यंत काही वाटलं नाही. सातव्याला पोटरीत आग झाली. आठव्याला अंगठा थरथरू लागला आणि बोटाऐवजी त्यांचा सगळा पंजा खांबावर गेला.

"बोट," ललिता म्हणाली. "हात नाही. आठवा धरला नाही."

त्यांनी पुन्हा एक बोट ठेवलं. आठ. नऊ. दहा. अकराव्याला टाच अर्ध्यावर थांबली. त्यांनी दात आवळले, मान वर केली, खांदा उचलला. बाकी सगळं वर गेलं, टाच गेली नाही. ती जिथे होती तिथून खाली आली.

"दहा," ललिता म्हणाली.

टपरीवरचे लोक उठून बघत होते. कुणी हसलं नाही.

श्रद्धाने पेन काढलं. कागदावर हिंमतरावांच्या नावापुढे ओळीने आकडे होते. शेवटच्या तीसच्या पुढच्या रकान्यात तिने दहा लिहिले. मग गटाकडे वळून म्हणाली, "माझीही चूक आहे. मी आकडे ऐकले, पाय पाहिले नाहीत. इतक्या लवकर इतके कुणाचे वाढत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. मला ते ऐकायला बरं वाटत होतं." आणि ललिताकडे बघून, "ताई, तुम्हाला एकदा फोन करायला हवा होता मी."

ललिताने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते कळलं नाही.

ऋषीने फोनवर काहीतरी पुसलं आणि तो खिशात टाकला. मग चैतालीने विचारलं, "मॅडम, शुक्रवारी सहालाच ना?"

"सहालाच," श्रद्धा म्हणाली. "आणि आता सगळ्यांचे मी स्वतः मोजणार. किती वाजायचे ते वाजू देत."

लोक बाटल्या, टोप्या उचलू लागले. हिंमतराव ललिताच्या खुर्चीपाशी गेले, अनवाणीच. काय बोलायचं ते त्यांनी शनिवारी गाडीत तीन-चार वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं.

"घरी आलात तेव्हा मी विचारलं होतं," ललिता म्हणाली. "मॅडमना माहीत होतं का, म्हणून. तुम्ही मान हलवली."

"हलवली."

"त्यानंतर मी त्यांच्याबद्दल चार लोकांजवळ बोलली, नाना. वाईट बोलली. ते पण तुमच्यामुळेच."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले. शिवी दिली असती तर त्यांना चाललं असतं. तिने कुबडी जवळ ओढली, पण उठली नाही. हिंमतरावांनी खाली पडलेला मोजा उचलला.

"मोजा ठेवा," ललिता म्हणाली. "डावा राहिला."

श्रद्धा निघाली होती ती थांबली. बाकीचेही थांबले. हिंमतरावांनी मोजा पायरीवर ठेवला, डावा चवडा कडेवर टेकवला आणि खांबाला एक बोट लावलं.